शेऱ्याला उत्तर

त्या दिवशी तो स्क्रीन शेअर करून एक समीकरण सोडवून दाखवत होता. आवाज अधूनमधून तुटत होता, बाकीचे एक्केचाळीस चौकोन काळे होते आणि मी त्याच्या कर्सरमागे डोळे लावून बसले होते. मध्येच त्याला मागचा गृहपाठ उघडायचा होता, म्हणून त्यानं यादी वर सरकवली. जेमतेम दोन सेकंद ती माझ्यासमोर होती. सात आठवड्यांच्या सात गृहपाठांवर मी लिहिलेले शेरे तिथं एकाखाली एक होते, आणि सातही ठळक अक्षरांत. म्हणजे न उघडलेले.

"हां मॅडम, सापडलं," तो म्हणाला आणि समीकरण पुढे सुरू झालं. मीही शिकवत राहिले. तास संपल्यावर मात्र लॅपटॉप मिटून बराच वेळ तशीच बसले. त्या सातांपैकी एक शेरा मला जवळजवळ पाठ होता. रात्री अकराला लिहिलेला, नऊ ओळींचा. पक्षांतर करताना, म्हणजे समीकरणातलं पद एका बाजूकडून दुसरीकडे नेताना, चिन्ह का बदलतं, हे त्यात दोन उदाहरणं देऊन समजावलं होतं. तो लिहून झाल्यावर मला समाधान वाटलं होतं, की आता या मुलाचा हा गोंधळ कायमचा मिटेल.

मी गणित शिकवते. २०२० मध्ये जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक मुलांच्या शाळा एकाएकी बंद झाल्या, तेव्हा इतर असंख्य शिक्षकांसारखी मीही पडद्यासमोर येऊन बसले. शाळा पुन्हा भरल्या, पण माझे काही वर्ग ऑनलाइनच राहिले आणि आजही आहेत. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला प्रत्याभरण म्हणतात, त्याला आम्ही आपसांत फीडबॅक म्हणतो. मला शेरा हाच शब्द जवळचा वाटतो. वहीच्या समासात, तिरक्या अक्षरात, लाल शाईनं लिहिलेला.

वर्गात मी शेरा नेमका कधी देते, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. बाकांमधून फिरत असायचे. एखाद्या वहीवर वाकायचे, चुकलेल्या ओळीवर बोट ठेवायचे आणि नुसतं "हं?" म्हणायचे. मूल त्या ओळीकडे बघायचं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ओळीकडे, आणि खोडरबर हातात घ्यायचं. सगळा व्यवहार दहा सेकंदांचा. त्या "हं?" मध्ये शब्द नव्हते, पण बाकी सगळं होतं. कुठं बघायचं ते होतं, तुला हे जमेल असा विश्वास होता, आणि मी अजून इथंच उभी आहे हेही होतं. मुलाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तर मी लगेच दुसरा प्रश्न विचारायचे. शेरा पोहोचला की नाही, हे मला तिथल्या तिथं कळत असे.

पडद्यावर हे सगळं गेलं. बोट गेलं, "हं?" गेलं, चेहरे गेले. आणि त्याची भरपाई मी शब्दांनी करायला लागले. पूर्वी समासात दोन शब्द लिहिणारी मी आता परिच्छेद लिहू लागले. मुलं समोर नाहीत, त्यांना परत विचारता येणार नाही, म्हणून एकदाच सगळं नीट सांगून टाकावं, असा माझा विचार. मांडणीची चूक, चिन्हाची चूक, एकक लिहायचं राहिलं, अक्षर लहान काढ, फोटो सरळ काढ. बेचाळीस मुलं. एकेका शेऱ्याला चार मिनिटं धरली तरी एका गृहपाठाला पावणेतीन तासांहून जास्त. मी ते तास आनंदानं दिले. मुलांवर माया असली की माणूस हिशेब करत नाही.

पण ते तास गेले कुठं, हे मला त्या दोन सेकंदांत दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी खासगीत विचारलं. रागावायचं नाही, एवढं स्वतःला बजावून. तू शेरे वाचत नाहीस का रे? त्यानं अगदी सरळ उत्तर दिलं, "गुण बघतो ना मॅडम. सात होते. मग झालं." मी विचारलं, "आणि तीन का गेले, ते?" तो थोडा थांबला. "ते गेलेच ना आता."

ते गेलेच ना आता. हे वाक्य मी कित्येक दिवस मनात घोळवत होते. त्याच्या दृष्टीनं माझा शेरा म्हणजे संपलेल्या सामन्याचं समालोचन होतं. निकाल लागला आहे, कागद बंद झाला आहे, पुढच्या आठवड्यात नवा धडा आहे. मग मागच्या चुकीचं वर्णन कशाला वाचायचं? आणि खरंच, मी त्याला त्या शेऱ्याचं काही करायला कधी सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. मी फक्त समजावलं होतं.

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पूर्वी वाचला होता, तो त्या रात्री पुन्हा काढून वाचला. शाळकरी मुलांचे त्यांनी तीन गट केले होते. एकाला कामावर फक्त शेरे, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. ज्यांना नुसते शेरे मिळाले, त्यांची कामातली गोडी टिकली आणि काम सुधारलं. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांचं काय झालं, हे मात्र विचारात पाडणारं आहे. एकंदरीत ती मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच वाटेनं गेली. शेजारी आकडा असला की शेरा असून नसल्यासारखा होतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहापैकी सात लिहून खाली नऊ ओळी लिहायला बसले होते. स्वतःच्या वर्गात एखादी गोष्ट डोळ्यांनी दिसेपर्यंत ती आपल्यासाठी खरी होत नाही.

मग मी गुण मागं ठेवले. गृहपाठ परत पाठवताना त्यावर आकडा नसायचा, फक्त शेरा. त्या शेऱ्यावर काहीतरी करून मुलानं काम पुन्हा पाठवलं की गुण. पहिल्या आठवड्यात गदारोळ झाला. चॅटमध्ये एकच प्रश्न, मॅडम मार्क्स? हुशार मुलं जास्त अस्वस्थ झाली. एका मुलाच्या आईनं फोन करून काळजीनं विचारलं, की त्याचं काही चुकलं आहे का, तुम्ही गुण का लपवता? मी त्यांना समजावलं की लपवलेले नाहीत, दोन दिवस उशिरा येणार आहेत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रश्न थांबले. सगळ्यांना पटलं म्हणून थांबले असं मी म्हणणार नाही. सवय झाली. पण शेरे उघडले जाऊ लागले.

आता ते उघडले जाणार होते, म्हणजे त्यात काय लिहायचं याचा नव्यानं विचार करणं आलं. खरं काम इथंच सुरू झालं.

एक उदाहरण सांगते. १/२ + १/३ या बेरजेचं उत्तर एका मुलीनं २/५ लिहिलं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे, की प्रत्येक गणित शिक्षकानं ती शेकडो वेळा पाहिली असेल. यावर मी पूर्वी लिहायचे, "चूक. आधी लसावि काढ." किंवा फारच उत्साह असेल तर पूर्ण उदाहरण सोडवून द्यायचे, छेद सहा, तीन अधिक दोन, उत्तर ५/६. दोन्ही शेरे बरोबर आहेत. पहिल्यानं मुलगी लसावि काढेल आणि का काढला ते तिला कळणार नाही. दुसऱ्यानं ती माझं उत्तर उतरवून घेईल. दोन्हींत तिच्या डोक्यातली मूळ समजूत जागच्या जागी राहील आणि महिन्याभरानं पुन्हा वर येईल.

या वेळी मी लिहिलं, "तू अर्ध्यात काहीतरी मिळवलं आहेस. मग तुझं २/५ हे उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं आहे की लहान? चित्र काढून बघ आणि मला कळव."

एवढंच. संध्याकाळी तिनं कागदाच्या दोन पट्ट्यांचा फोटो पाठवला. एकीचे दोन भाग केलेले, दुसरीचे पाच. खाली लिहिलं होतं, "लहान आहे!! मिळवल्यावर कमी कसं झालं?" दोन उद्गारचिन्हं तिचीच. त्या प्रश्नात तिला आता उत्तर हवं होतं. लसावि शिकवण्यासाठी याहून चांगली वेळ मला वर्गातही क्वचितच मिळाली असेल.

फीडबॅकवरच्या अभ्यासांत डिलन विल्यम यांचं एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. शेरा देणाऱ्यापेक्षा तो घेणाऱ्याला जास्त काम पडलं पाहिजे, असं ते सांगतात. माझ्या नऊ ओळींत सगळं काम मी केलं होतं, मुलानं करायला काही उरलंच नव्हतं. त्यांनीच सुचवलेली एक युक्ती मी उचलली. दहा उदाहरणांपैकी कुठली चुकली, यावर फुल्या मारण्याऐवजी फक्त सांगायचं की यातली तीन चुकली आहेत, शोध आणि दुरुस्त कर. किंवा एकाच लांब उदाहरणाखाली, "यात एक चूक आहे. कुठल्या ओळीत ते मी सांगणार नाही." मुलांना हा प्रकार इतका आवडला, की काही जण कामावर आधीच लिहून पाठवू लागले, मॅडम, चूक असली तर ओळ सांगू नका.

चूक शोधायला लावताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ज्या मुलाला पायाच माहीत नाही, त्याला "शोध" म्हणणं म्हणजे अंधारात सोडून देणं. त्याला सरळ शिकवायचं, सोडवून दाखवायचं, मग करायला द्यायचं. कुणाला प्रश्न द्यायचा आणि कुणाला उत्तर, हे त्या मुलाचं काम वाचूनच ठरतं. आणि कधी काम वाचूनही कळत नाही. दोन मुलांनी ५ − (−३) याचं उत्तर २ लिहिलं. कागदावर दोघांची चूक अगदी सारखी. मी दोघांनाही सांगितलं, कसं केलंस ते अर्ध्या मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये मला सांग. एकाला ऋण संख्या वजा करणं म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं मोबाइलच्या लहान पडद्यावरून उदाहरण उतरवताना दुसरं चिन्ह पाहिलंच नव्हतं. पहिल्याला मी संख्यारेषा घेऊन बसवलं. दुसऱ्याला सांगितलं, उदाहरण मोठं करून बघत जा. लिहून पाठवला असता, तर दोघांनाही एकच शेरा गेला असता.

मुलांचा आवाज ऐकण्याचा मला लागलेला हा लळा पुढे फार उपयोगी पडला. आणि माझा आवाज मुलांनी ऐकणं किती गरजेचं आहे, हे मला एका चुकीतून शिकावं लागलं. ती सांगताना आजही मन खट्टू होतं.

वर्गात एक मुलगी होती. शांत, नियमित, कॅमेरा नेहमी बंद, पण गृहपाठ वेळेआधी. तिनं (अ + ब)² बरोबर अ² + ब² असं लिहिलं. त्या दिवशी तीच चूक मी अकराव्यांदा पाहत होते. मी लिहिलं, "हे आपण तीनदा केलं आहे!" वर्गात हेच वाक्य मी हसून म्हटलं असतं, तिच्या वहीवर टिचकी मारून. तिनंही जीभ चावली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. पडद्यावर मात्र माझं हसू गेलं नाही, टिचकी गेली नाही. गेलं ते फक्त वाक्य आणि त्याच्या शेवटचं उद्गारचिन्ह. पुढचे तीन आठवडे तिचा एकही गृहपाठ आला नाही. नेटचा प्रश्न असेल, असं मी आधी धरून चालले. अखेर फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही रागावलात ना. मला वाटलं आता मी पाठवलं तरी तुम्हाला वैतागच येईल."

तीन आठवडे हे मूल माझा राग मनात घेऊन बसलं होतं, आणि तो राग मुळात नव्हताच.

१९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी फीडबॅकवरचे आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले. सहाशेहून अधिक परिणामांची मोजणी त्यात होती. सरासरीनं पाहता फीडबॅकचा फायदा होतो, हे त्यांना दिसलं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यानंतर कामगिरी चक्क घसरली होती. शेऱ्यामुळे माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की तो शेरा घात करतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. त्या मुलीचं नेमकं हेच झालं. तिनं वर्गविस्ताराचा विचार केलाच नाही. मॅडमना मी कशी वाटत असेन, याचाच केला.

मी तिची माफी मागितली. मग तिच्यासाठी एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात म्हटलं, अ च्या जागी तीन ठेव, ब च्या जागी चार, आणि दोन्ही बाजू मोजून बघ. एका बाजूला एकोणपन्नास आले, दुसऱ्या बाजूला पंचवीस. मधले चोवीस कुठं हरवले, ते तिनं स्वतः शोधलं. चौरस काढून, त्याचे चार तुकडे करून. दोन तुकडे ती विसरली होती, बारा-बाराचे. तेव्हापासून काही नाजूक सांगायचं असेल तर मी लिहीत नाही, बोलते. आवाजात माया ऐकू येते. लिहिलेल्या वाक्यात वाचणारा आपल्या मनातली भीती मिसळतो.

डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच्याशी जवळचा आहे. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांना शिक्षकांनी निबंधांवर शेरे दिले. काही मुलांच्या कागदावर एक छोटी चिठ्ठी होती. तिचा आशय असा, की माझ्या तुझ्याकडून खूप अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील याची मला खात्री आहे, म्हणून मी हे शेरे देत आहे. बाकीच्यांच्या चिठ्ठीत साधंच काहीतरी. पहिली चिठ्ठी मिळालेल्या मुलांनी निबंध सुधारून परत देण्याचं प्रमाण वाढलं, आणि शाळेवरचा ज्यांचा विश्वास डळमळीत झालेला असतो अशा कृष्णवर्णीय मुलांत ते विशेष वाढलं. मी ती चिठ्ठी जशीच्या तशी वापरत नाही. दर आठवड्याला तेच वाक्य आलं की मुलं ते ओळखतात आणि मग त्यात जीव राहत नाही. पण मूल हे करू शकेल असं मला का वाटतं, त्याचा पुरावा मी त्याच्याच कामातून काढून दाखवते. मागच्या वेळी तू कंस किती नीट सोडवला होतास, तीच पद्धत इथं लाव. असं.

कौतुकाबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. "छान!", "शाब्बास!", अंगठा, तारा, टाळ्या. ऑनलाइन वर्गात यांचा पाऊस पडतो, कारण ते पाठवायला एक टिचकी पुरते. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये फीडबॅकवरच्या संशोधनाचा जो मोठा आढावा घेतला, त्यात व्यक्तीची नुसती स्तुती हा सर्वांत कमी उपयोगाचा प्रकार ठरला आहे. "तू हुशार आहेस" यातून पुढचं उदाहरण कसं करायचं ते कळत नाही. मी तारे देणं सोडलेलं नाही, मुलांना ते आवडतात आणि आनंद देण्यात काही गैर नाही. पण ताऱ्यासोबत एक वाक्य जातं. "उत्तर आल्यावर तू ते समीकरणात ठेवून तपासलंस, ते मला फार आवडलं." पुढच्या वेळी ते मूल पुन्हा तपासतं. आणि का कोण जाणे, तिसऱ्या-चौथ्या वेळी शेजारची मुलंही तपासू लागतात.

हे झालं गृहपाठाचं. चालू तासात काय करायचं, हा प्रश्न वेगळाच होता. "समजलं का?" असं विचारलं की चॅटमध्ये एकामागून एक "हो मॅडम" यायचं. त्या "हो" वर विश्वास ठेवणं मी सोडलं. आता मी एक लहानसं उदाहरण देते आणि सांगते, उत्तर चॅटमध्ये टाइप करा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका. मग तीन मोजते आणि सगळी उत्तरं एकदम येतात. कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नसतं. बेचाळीसपैकी पंधरांनी एकच चुकीचं उत्तर दिलं असेल, तर चूक त्या पंधरांची नाही, दहा मिनिटांपूर्वीच्या माझ्या स्पष्टीकरणाची आहे. तो शेरा मुलांनी मला दिलेला असतो आणि तो मी ताबडतोब घेते. लाजणाऱ्या मुलांना फक्त मला दिसेल असं उत्तर पाठवायची मुभा आहे. वर्गात कधीही हात वर न करणारी दोन मुलं अशी मला पडद्यावरच पहिल्यांदा भेटली. समोरासमोरच्या वर्गात ती मला कधीच कळली नसती, हे ऑनलाइन शिकवण्याचं ऋण मी मानते.

आणि थांबायचं. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं रेकॉर्ड करून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि त्यांत विचार दिसू लागतो. पडद्यावर तर आवाज पोहोचायलाच वेळ लागतो, मग अनम्यूट करायचं, मग धीर गोळा करायचा. मी मनात दहा अंक मोजते. सुरुवातीला ती शांतता सोसायची नाही. काळ्या चौकोनांकडे बघत बसणं फार एकटं वाटतं. आता सोसते, कारण सातव्या-आठव्या अंकाला कुणाच्या तरी माइकची खूण हिरवी होते.

वेळेचं गणित मी टाळणार नाही, कारण हे वाचणाऱ्या शिक्षकांच्या मनात तेच असणार. बेचाळीस मुलांना दर आठवड्याला वेगळा, विचारपूर्वक शेरा देणं मला जमत नाही. कुणालाच जमणार नाही. मी आधी सगळी कामं नुसती वाचून काढते, काहीही न लिहिता, आणि त्यांचे ढीग लावते. एकाच प्रकारची चूक असलेल्या कामांचा एक ढीग. साधारण तीन-चार ढीग होतात. प्रत्येक ढिगासाठी दोन मिनिटांचा एक व्हिडिओ करते. त्यात कुणाचं नाव नाही, कुणाच्या वहीचा फोटो नाही, मी स्वतः तीच चूक करून दाखवते आणि मग विचारते, हे कुठं घसरलं? उरलेल्या वेळात दर आठवड्याला दहा-बारा मुलांना स्वतंत्र शेरा, पाळीपाळीनं. महिन्याभरात सगळ्यांची पाळी येते. आणि एका वेळी एकच गोष्ट. पाच चुका असल्या तरी एकच, जिच्यामुळे बाकीच्या होत असतील ती. यासाठी मला स्वतःला आवरावं लागतं. चूक दिसून न सांगणं शिक्षकाला फार जड जातं.

उशिरा आलेला शेरा निरुपयोगी, हे मी अनुभवानं सांगते. दोन दिवसांत त्रोटक आलेला चांगला. पंधरा दिवसांनी आलेला सुरेख शेरा मूल उघडतं तेव्हा ते उदाहरणच त्याला आठवत नसतं. आपोआप तपासल्या जाणाऱ्या चाचण्या या बाबतीत उत्तम. बरोबर की चूक, ते क्षणात कळतं. पाढे, सूत्रं, सरावाची उदाहरणं मी आता तिकडेच सोपवते. का चुकलं, हे त्या यंत्राला सांगता येईल एवढी बारकाईनं प्रश्नमाला करायला वेळ लागतो, पण एकदा केली की वर्षानुवर्षं पुरते.

चांगलं काम कसं दिसतं, हे मुलांना आधी दाखवलं पाहिजे, याकडे मात्र माझं कित्येक वर्षं दुर्लक्ष झालं. रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार साधा आहे. शिकणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. कुठं पोहोचायचं ते माहीत हवं, आपण कुठं आहोत ते ताडून पाहता यायला हवं, आणि मधलं अंतर कापायला काहीतरी करता यायला हवं. मी तिसऱ्या गोष्टीवर भर द्यायचे आणि पहिली गृहीत धरायचे. "मांडणी नीट कर" असं लिहायचे. नीट म्हणजे काय, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. आता एकाच उदाहरणाच्या तीन उकली मी पडद्यावर शेजारी शेजारी ठेवते, तिन्हींचं उत्तर बरोबर, आणि ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या लहान गटांच्या वेगळ्या खोल्यांत, मुलं ठरवतात, यातली कुठली सर्वांत चांगली आणि का. त्यांची कारणं ऐकण्यासारखी असतात. एका गटानं सांगितलं, "दुसरी, कारण ती वाचताना कुठं थांबावं लागत नाही." माझ्या "मांडणी नीट कर" पेक्षा हे कितीतरी नेमकं होतं. आता मीही तेच शब्द वापरते.

त्या पहिल्या मुलाकडे परत येते, ज्याचे सात शेरे बंद होते.

तो हळूहळू उघडू लागला. आधी फक्त "ओके मॅडम" यायचं. मग दुरुस्त केलेलं काम यायला लागलं, घाईघाईत, पण यायला लागलं. सहाएक महिन्यांनी मी एक उदाहरण दिलं होतं, ४(क्ष + ३) − २(क्ष + ३) = १८. कंस सोडवण्याचा सराव व्हावा, हा माझा हेतू. रात्री तपासायला बसले तेव्हा त्याचं काम अडतिसावं होतं. पहिली ओळ माझी, दुसऱ्या ओळीत त्यानं लिहिलं होतं, २(क्ष + ३) = १८. मी पुढं वाचलंच नाही. त्यानं चारातून दोन वजा केले आणि एक कंस गाळला, असं धरून लिहून टाकलं, "दुसरा कंस कुठं गेला? दोन्ही कंस आधी सोडव आणि परत पाठव."

सकाळी उत्तर आलं होतं. इतक्या महिन्यांतलं त्याचं सर्वांत लांब उत्तर.

"मॅडम, दोन्ही कंस एकच आहेत. तीच गोष्ट चार वेळा आहे, त्यातून तीच गोष्ट दोन वेळा काढली, मग दोन वेळा उरली. म्हणून सोडवायची गरज नाही. क्ष = ६ ठेवून बघितलं, ३६ − १८ = १८ येतं. तुम्ही खालच्या ओळी वाचल्या नाहीत का?"

मी खालच्या ओळी वाचल्या. सगळ्या बरोबर होत्या, आणि मी शिकवलेल्या रीतीपेक्षा सुटसुटीत. मी त्याला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. नाही वाचल्या, चुकलं माझं, तुझी रीत जास्त चांगली आहे आणि आज तासाला तीच सगळ्यांना दाखवणार आहे, तुला चालेल का?

चालेल, असं त्यानं लिहिलं. दहा मिनिटांनी आणखी एक फोटो आला. स्वतःच तयार केलेलं एक समीकरण, लांबलचक, तीन कंसांचं, पाच ओळींत सोडवलेलं. खाली एक ओळ होती.

"यात एक चूक आहे. कुठल्या ओळीत ते मी सांगणार नाही."